थंडीतलं माउंटन बाइकिंग आणि कपडे : मुंबईकरांचे वारंवार येणारे प्रश्न

फराळाचे डबे रिकामे झाले की हे प्रश्न यायला लागतात आणि संक्रांत उलटून गेली तरी थांबत नाहीत. विचारणारे बहुतेक जण येऊर, आरे किंवा नॅशनल पार्कात सायकल चालवणारे असतात. आता त्यांना भंडारदरा, माळशेज, महाबळेश्वर गाठायचं असतं. काहींची लेह-स्पितीची तयारी चाललेली असते. तेच ते दोनदा लिहायला नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मुंबईत थंडी असते तरी कुठे? वेगळे कपडे घ्यायलाच हवेत का?

फक्त मुंबईत चालवणार असाल तर नकोत. सांताक्रूझला आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, तेही २२ जानेवारी १९६२ चं. एरवी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा पंधरा-सोळाच्या आसपास घुटमळतो आणि नऊ वाजेपर्यंत घाम फुटायला लागतो. आरेसाठी पूर्ण बाह्यांची पातळ जर्सी पुरते. फार तर एक विंडचीटर घडी करून मागच्या खिशात टाका.

घाटावर मात्र हिशेब बदलतो. दर हजार मीटर उंचीला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. पण नुसती उंची बघून कपडे ठरवू नका. रात्री थंड झालेली हवा जड होते, उतारावरून खाली सरकते आणि खोऱ्यात साचून राहते. भंडारदऱ्याला पाण्याकाठी तंबू ठोकणारे वरच्या अंगाला झोपलेल्यांपेक्षा जास्त काकडतात ते त्यामुळेच. महाबळेश्वरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दरवर्षी वेण्णा तलावाच्या परिसरातून येतात, त्याचंही हे एक मोठं कारण. कर्जत-कसाऱ्याकडे समुद्राची ऊब पोचत नाही, त्यामुळे पहाटे तिथेही मुंबईपेक्षा चांगलाच गारठा असतो.

२. निघताना अंगावर किती कपडे असावेत?

पहिली दहा मिनिटं थोडी हुडहुडी भरेल, इतकेच. सुरुवातीलाच छान ऊबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झाला आहे असं समजा.

पेडल मारताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिचा जेमतेम पाव हिस्सा चाकापर्यंत पोचतो. उरलेल्याची उष्णता होते. त्यामुळे सायकल जोडताना, हवा भरताना जे जॅकेट अगदी योग्य वाटतं, तेच पहिल्या चढावर नकोसं होतं. मुंबईकर थंडीत कमी कपडे घालून फसत नाहीत, जास्त घालून फसतात. आपल्याला थंडीची सवय नसते, म्हणून आपण तिची धास्तीच घेतो. माउंटन बाइकवर थंडीपेक्षा घामाची काळजी जास्त करायला हवी.

रस्त्यावरच्या सायकलस्वाराला वारा बराच वेळ सारखाच लागतो. इथे तसं नसतं. दगडधोंड्यांच्या चढावर तुम्ही ताशी सहा-सात किलोमीटरने रखडत असता, वारा शून्य आणि कष्ट पुरेपूर. पाच मिनिटांनी तुम्ही ताशी तीसने उतरत असता, तेव्हा पेडल बंद असतं आणि समोरून वारा. हवा १० अंशांची असेल तर या वेगाला ती साडेसहाची भासते, ५ अंशांची असेल तर शून्याची. त्यात छातीवरचा कपडा घामाने ओला असेल तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. चढ आणि उतार या दोन्हींना पुरेल असा एकच पोशाख मिळत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या उत्तरांत एकच आग्रह दिसेल : कपडे असे घ्या की ते चालत्या सायकलवर उघडता येतील आणि थांबल्यावर पटकन चढवता-उतरवता येतील.

३. ‘तीन थर’ म्हणजे नक्की काय?

अंगालगतचा थर घाम ओढून बाहेर टाकतो. मधला हवा धरून ठेवतो, म्हणजेच ऊब देतो. बाहेरचा वारा अडवतो. सह्याद्रीत एका वेळी तिन्ही क्वचितच लागतात. सहसा चढावर पहिला एकटा आणि उतारावर पहिला अधिक तिसरा, एवढ्यावर भागतं. मधला थर पहाटे निघताना आणि मुक्कामाला. फ्लीसचा (लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड) पातळ, गळ्यापासून अर्ध्यापर्यंत चेन असलेला टी-शर्ट त्याला उत्तम. चेन अर्धीच असली तरी बिघडत नाही, पण ती हवीच.

४. आतून सुती बनियन चालेल का? अंगाला बरं वाटतं.

कोरडं असेपर्यंत बरं वाटतं. सूत घाम शोषून घेतं आणि सोडत नाही. मे महिन्यात दादरच्या फलाटावर हाच गुण उपयोगी पडतो, कारण ओलं सूत गारवा देतं. घाट उतरताना तो गारवा नको असतो. सुती बनियन, सुती टी-शर्ट, हुडी, जीन्स यांपैकी काहीही नको. वर कितीही महागाचं जॅकेट असू द्या, आत सूत असेल तर फायदा नाही.

५. मग लोकर घेऊ की पॉलिएस्टर?

एका दिवसाच्या राइडसाठी पॉलिएस्टर. स्वस्त असतं आणि लवकर वाळतं. एकच दोष म्हणजे संध्याकाळपर्यंत त्याला असा वास सुटतो की परतीच्या गाडीत शेजारचा खिडकी उघडतो. मेरिनो लोकर थोडी दमट झाली तरी ऊब देते आणि दोन-तीन दिवस वापरली तरी वास येत नाही. मुक्कामी सहल असेल, रोज धुणं-वाळवणं जमणार नसेल, तर एक मेरिनो टी-शर्ट घेणं परवडतं. ही लोकर फार पातळ असते, टोचत नाही. आजीने विणलेल्या स्वेटरच्या आठवणीने तिला नाकारू नका.

६. विंडचीटर घेऊ की वॉटरप्रूफ जॅकेट? पावसाळ्यातला रेनकोट घरात आहेच.

सह्याद्रीसाठी विंडचीटर. इथे थंडीत पाऊस जवळजवळ नसतो, मग पाण्यासाठी पैसे कशाला मोजायचे? पूर्णपणे पाणी अडवणारं कापड घामाची वाफही बऱ्यापैकी अडवतं. साध्या रेनकोटातून तर ती बाहेर जातच नाही. तासाभरात आतून पाणी निथळतं. तो डिकीतच राहू द्या.

विंडचीटर घेताना तीन गोष्टी बघा : मुठीत मावेल इतकी घडी होते का, हँडल धरल्यावर पाठ उघडी पडत नाही ना, आणि काखेत किंवा पाठीवर हवा जायला जाळी आहे का. बिनबाह्यांचं विंडप्रूफ जाकीटही छान चालतं. हिमालयाचा विषय वेगळा, त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

७. माझ्याकडे पिसांचं फुगीर जॅकेट आहे. तेच घालून चालवू का?

चालवताना नको. घामाने पिसं बसली की ऊब गेली. ते मुक्कामासाठी आणि चहाच्या थांब्यासाठी ठेवा.

८. घाट चढताना घामाने भिजतो आणि उतरताना कुडकुडतो. काय करू?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. चढ सुरू व्हायच्या आधी, म्हणजे घाम यायच्या आधी, विंडचीटर काढा. घाम आल्यावर काढून फारसा उपयोग नाही. गळ्याची चेन छातीपर्यंत उघडा, बाह्या वर सारा, कानपट्टी काढून मनगटावर अडकवा. दम लागत असेल तर वेग थोडा कमी करा. माथ्यावर दोन मिनिटं आधी पोचून भिजलेलं राहण्यापेक्षा ते बरं.

माथ्यावर पोचलात की सगळे जिथे फोटो काढतात त्या कड्यावर आधी जाऊ नका. तिथे वारा असतो आणि घाम अंगावरच गार होतो. आधी टपरीच्या किंवा झाडाच्या आडोशाला जा. सॅकमधून कोरडा टी-शर्ट काढा. तो प्लास्टिकच्या पिशवीत असायला हवा, नाहीतर पाठीच्या घामाने तोही ओला झालेला असतो. भिजलेला टी-शर्ट काढून छाती-पाठ कोरडी पुसा, कोरडा चढवा, त्यावर विंडचीटर, चेन गळ्यापर्यंत बंद. मग चहा, मग फोटो. अंग गरम असताना कपडे चढवायचे. एकदा कुडकुडायला लागल्यावर चढवले तर ऊब यायला फार वेळ जातो.

कोरडा टी-शर्ट नसेल तर टपरीवर जुना पेपर मागा. दोन-तीन पानं छातीवर, टी-शर्ट आणि जॅकेटच्या मध्ये सरकवा. युरोपातले रेसर घाट उतरताना वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. खाली पोचल्यावर पेपर ओला झालेला दिसेल, इतका घाम तो ओढून घेतो.

९. पॅडवाल्या चड्डीच्या आत अंडरवेअर घालायची का? आणि थंडीत वरून काय?

आत काही नाही. पॅड थेट अंगाला लागण्यासाठीच असतं. मध्ये अंडरवेअर आली की तिच्या शिवणी घासतात आणि घाम अडकतो. वरून माउंटन बाइकिंगची सैल शॉर्ट्स किंवा घोट्याशी निमुळती ट्रॅकपँट. पँट घोट्याशी रुंद असेल तर उजवा पाय मोज्यात खोचा, नाहीतर सायकलच्या चेनमध्ये अडकून फाटेल. राइड संपली की पॅडवाली चड्डी लगेच बदला. ती घालून तीन तास गाडीत बसून मुंबईला आलात तर पुरळ आणि फोड ठरलेले.

१०. गुडघे झाकायला हवेत का?

पंधरा अंशांच्या खाली असेल तर हो. गुडघ्यावर मांस नसतं आणि वारा थेट बसतो. नी-वॉर्मर, म्हणजे गुडघ्यावर चढवायच्या सुट्या बाह्या घ्या, ऊन वर आलं की काढून खिशात टाकता येतात. गुडघ्याची पॅड घालत असाल तर तीच पुरेशी ऊब देतात, आत वेगळं काही नको.

११. हातमोजे घालूनही बोटं बधिर होतात. अजून जाड घेऊ का?

आधी बघा, कुठलं बोट बधिर होतंय. बहुतेकांचं पहिलं बोट, तर्जनी. बाकीची तीन हँडलभोवती गुंडाळलेली असतात. तर्जनी मात्र ब्रेकच्या थंडगार लिव्हरवर, वाऱ्यात ताणलेली. उतारावर अर्धा तास ती तशीच राहते. सपाटीवर तिला मुद्दाम आत घ्या, उतार लांबलचक असेल तर मध्ये थांबून हात खांद्यातून गोल फिरवा. रक्त बोटांच्या टोकाशी येतं, थोडं झिणझिणतं, पण बोटं परत चालायला लागतात.

फार जाड हातमोज्यात ब्रेकचा अंदाज येत नाही आणि माउंटन बाइकवर ते थंडीपेक्षा धोक्याचं. दुकानात हातमोजा घालून ट्यूबच्या व्हॉल्व्हचं टोपण काढून पाहा. काढता आलं तर घ्या, नाही तर ठेवून द्या. एका जाड मोज्यापेक्षा आत पातळ आणि वर वारा अडवणारा अशी जोडी जास्त कामाची. मनगटाशी घट्ट असू नयेत. अंगठ्यावर टॉवेलसारखं मऊ कापड दिसतं ना, ते नाक पुसायला असतं. लाजू नका.

आणखी एक. धड गार पडलं की शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आखडता घेतं. मोजे चांगले असूनही बोटं गार असतील तर छातीवरचा थर वाढवून बघा. बोटं गारठ्यात पांढरीफटक पडून दुखत असतील तर मात्र ते डॉक्टरांना दाखवा.

१२. पाय गार पडतात. दोन-दोन मोजे घालू का?

बुटात जागा असेल तरच. बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. एकच लोकरीचा मोजा बरा. सायकलिंगच्या बुटांना पुढे जाळी असते, तिथून वारा शिरतो. तिच्यावर आतून चिकटपट्टी लावली तरी फरक पडतो. क्लिपचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे बूट असतील तर तळाच्या लोखंडी तुकड्यातून गारवा वर येतो, तिथे जाड इनसोल घाला. साधं फ्लॅट पेडल असेल तर ही भानगडच नाही, आणि नवख्यांना मी तेच सुचवतो. भंडारदऱ्याच्या पायवाटांवर पहाटे गवत दवाने चिंब असतं. थंडीपेक्षा बूट ओले करतं ते हेच. जादा मोजे सोबत ठेवा.

१३. हेल्मेटखाली माकडटोपी चालेल का?

नाही. हेल्मेट डोक्यावरून उचललं जातं आणि वरचा गोंडा असेल तर ते डुगडुगतं. असं हेल्मेट पडल्यावर सरकतं, मग ते असून नसून सारखंच. पातळ, शिवणी नसलेली, डोक्याला घट्ट बसणारी टोपी (स्कल कॅप) घ्या किंवा नुसती कानपट्टी, आणि ती घालून हेल्मेटचे पट्टे नव्याने जुळवा. डोक्यालाही घाम येतोच, त्यामुळे सह्याद्रीत कानपट्टी सहसा पुरते. गळ्याला बफ, म्हणजे नळीसारखा ताणणारा गळपट्टा हवा. तो नाकावर ओढला की श्वास वर जाऊन चष्म्यावर धुकं धरतं, म्हणून चढावर हनुवटीखालीच ठेवा. काचांना आतून साबणाचा थेंब चोळून कोरड्या फडक्याने पुसला तर धुकं कमी धरतं. पहाटे झाडीत चालवताना काचा पारदर्शक असाव्यात, काळ्या नकोत.

१४. बायकांसाठी वेगळं काही?

दोन गोष्टी दुकानदार सांगत नाहीत. पहिली : सगळ्यात उशिरा वाळते ती पॅड असलेली स्पोर्ट्स ब्रा. माथ्यावर टी-शर्ट बदलूनही छाती गारच राहते, कारण आतला स्पंज भिजलेला असतो. बिनस्पंजाची घ्या, लांबच्या राइडला एक कोरडी सोबत ठेवा. दुसरी : खांद्यावर पट्टे असलेला बिब ऊबेला चांगला, पण आडवाटेवर लघवीला जाताना वरचे सगळे थर उतरवावे लागतात. मागे चेन किंवा हूक असलेले बिब मिळतात, नाहीतर साधी कमरेची टाइट्स बरी. चड्डीचं पॅड बायकांच्या मापाचंच घ्या, त्याचा आकार वेगळा असतो.

१५. जुलैत मनाली-लेह करतोय. हेच कपडे नेले तर?

हेच न्या, पण त्यांच्यावर भर घाला. आणि प्रश्न २ चा नियम तिथे जरा सैल करा. सरचू चार हजार मीटरच्या वर आहे आणि त्याहून उंच खिंडी वाटेत आहेत. विरळ हवेत तुम्हाला जोर लावताच येत नाही. जोर कमी म्हणजे अंगात तयार होणारी उष्णताही कमी. म्हणून सह्याद्रीत ज्या चढावर एक थर पुरतो, तिथे दोन लागतात. इथे वॉटरप्रूफ जॅकेट खरोखरच लागतं, कारण खिंडीत भर जुलैतही बर्फ किंवा पाऊस गाठू शकतो. कापडाची जलरोधकता (किती उंच पाण्याचा दाब ते अडवतं त्याचं माप) १०,००० मिलिमीटर किंवा जास्त असावी. त्याचीच पँट, बुटांवरचे कव्हर, हातमोज्यांच्या दोन जोड्या, आणि प्रश्न ७ मधलं फुगीर जॅकेट.

ऊनही विसरू नका. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. गार वाऱ्यात चटका जाणवत नाही आणि संध्याकाळी नाक सोललेलं असतं.

१६. सगळं एकदम घेणं परवडत नाही. आधी काय घ्यावं?

विंडचीटर, मग हातमोजे, मग अंगालगतचा टी-शर्ट. पॅडवाली चड्डी तुमच्याकडे असेलच असं धरतो. मधल्या थरासाठी पैसे घालवू नका. घरातला पातळ लोकरी स्वेटर किंवा थंडीत रस्त्याकडेला बसणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडचं फ्लीस चालतं. जिमचे पॉलिएस्टर टी-शर्ट अंगालगत घालायला पुरेसे असतात. डेकॅथलॉनमध्ये जाणार असाल तर सायकलिंगच्या रांगेआधी ट्रेकिंग आणि रनिंगच्या रांगा बघा, बऱ्याचदा तोच कपडा तिथे स्वस्त असतो. फक्त पाठीची लांबी तपासा.

१७. थंडी बाधते आहे हे कसं ओळखायचं?

निघतानाची हुडहुडी (प्रश्न २) सोडली तर नुसतं कुडकुडणं ही धोक्याची पहिली खूण आहे, तिथेच थांबून थर वाढवा. जॅकेटची चेन लावता न येणं, बोलणं अडखळणं, उगाच चिडचिड, साध्या वळणावर तोल जाणं असं दिसलं की त्या माणसाला पुढे चालवू देऊ नका. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की ती वैद्यकीय अडचण असते. आडोशाला न्या, ओलं सगळं काढा, कोरडं घाला, शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गोड गरम चहा द्या आणि मदत बोलवा. ‘एक पेग मारला की गरम वाटतं’ हे खरं आहे, पण वाटतंच फक्त. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि अंगातली ऊब बाहेर निघून जाते.

१८. मुलाला मागच्या सीटवर घेऊन जातो. माझ्याइतकेच कपडे त्याला?

त्याहून बरेच जास्त. तुम्ही पेडल मारताय, तो नुसता वाऱ्यात बसलाय. तुम्हाला घाम फुटलेला असताना त्याचे पाय गार असू शकतात. अधूनमधून थांबून त्याच्या मानेमागे हात लावून बघा. ई-बाइकवाल्यांनाही हेच लागू. मोटरची मदत जास्त घेत असाल तर कपडे एका थराने वाढवा.

१९. थंडी संपली की हे कपडे मुंबईच्या दमट हवेत ठेवायचे कसे?

इकडे खरं नुकसान चालवण्याने कमी आणि कपाटाने जास्त होतं. बऱ्याच वॉटरप्रूफ जॅकेटांच्या आत पॉलियुरेथेनचा (एक प्रकारचं प्लास्टिक) पातळ लेप असतो. दमट हवेत तो हळूहळू विघटन पावतो, चिकट होतो आणि पापुद्र्यांनी निघायला लागतो. प्लास्टिकच्या पिशवीत ओलसर घडी करून माळ्यावर टाकलेलं जॅकेट दोन पावसाळ्यांनी हातात घ्या, तळव्याला चिकटेल. नीट धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, हँगरला मोकळं टांगा. आषाढ-श्रावणात एखाद्या कोरड्या दुपारी पंख्याखाली काढून ठेवा.

धुताना कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव घालू नका. त्याचा थर कापडावर बसतो आणि घाम ओढण्याचा गुण जातो. मेरिनो थंड पाण्यात, पिळायची नाही, आडवी पसरून वाळवायची. ठेवताना ती स्वच्छ हवी, कारण कसर घामाच्या डागांवर आधी येते. डांबरगोळ्या कापडाला टेकवू नका, पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. आणि डिसेंबरात पहिल्या राइडच्या आदल्या रात्री नव्हे, दोन दिवस आधी बाहेर काढून वाऱ्यावर टाका, नाहीतर अख्ख्या घाटात डांबरगोळ्यांचा वास घेत चढावं लागेल.